दोन बोटं वाढीला

गावातल्या दोन पिढ्यांनी काकूंकडून शाळेचे गणवेश शिवून घेतले, आणि त्या दोन्ही पिढ्यांना शाळेच्या पहिल्या दिवशी स्वतःची बोटं दिसली नाहीत. सकाळची शाळा, हवा थंड, म्हणून बाह्या पूर्ण. आणि काकूंचा नियम असा की पोराचं माप आहे तसं घ्यायचं, मग त्यात दोन बोटं वाढीला सोडायची. "पहिल्या वर्षी मोठा, दुसऱ्या वर्षी बेताचा, तिसऱ्या वर्षी धाकट्याला," हा त्यांचा हिशेब. कुणी "काकू, बाही लांब झाली" अशी तक्रार घेऊन आलंच, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "बाही बरोबर आहे. हात आखूड आहे. येईल हळूहळू."

यावरून त्यांचं नाव दोनबोटं काकू पडलं. आता पोरांचं एक वेळ ठीक आहे. पण या बाईने स्वतःच्या मुलाच्या लग्नाचा कोटसुद्धा वाढीला ठेवून शिवला. मुलगा तेव्हा तिशीचा होता. लग्नाच्या फोटोत नवरी अंगठी दाखवते आहे आणि नवऱ्याला हातच नाहीत, असा तो फोटो अजून भिंतीवर आहे.

पुढे शाळेने गणवेश कारखान्यातून आणायला सुरुवात केली. छातीच्या मापाचे, पाकीटबंद. काकूंनी दोन वर्षं कळ काढली, मग दुकान बंद केलं आणि पायाचं मशीन घरी आणून पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. आणि मग रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालं. घरातले पडदे दोन बोटं खाली आले आणि फरशी पुसू लागले. उशांचे अभ्रे एवढे ऐसपैस झाले की उशी आत कुठे आहे ते चाचपून शोधावं लागे. मुलगा ऑफिसला निघाला की जिन्यात विजारीचे पाय वर धरून उतरायचा. शेजाऱ्यांना वाटायचं याच्या घरात पाणी भरलंय.

सूनबाई बिचाऱ्या वाईट नव्हत्या. त्यांना खिडकीशेजारच्या त्या जागेत कपडे धुण्याचं यंत्र हवं होतं, आणि धुण्याच्या ढिगाकडे बघता त्यात काही चूक नव्हती. शेवटी एका रविवारी मुलाने घसा खाकरला.

"आई, मशीन आता देऊन टाकू या का? त्याचा काही उपयोग राहिलाय का?"

"माझा तरी काय राहिलाय?" काकू म्हणाल्या. "मलाही देऊन टाका."

मुलगा उगाच उठून पंखा बंद करून आला आणि उकडायला लागल्यावर परत उठून लावून आला. काकूंनी ते चिडून म्हटलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. भाची दूर परदेशात शाळेत शिकवायची आणि सुट्टी लागली की तिथल्या सैन्याच्या एका कोठारात जाऊन काम करायची. पगार नाही, हौसेचं काम. जेवण, झोपायला पलंग आणि अंगावर सैन्याचीच जुनी वर्दी. तिथे बाहेरच्या देशांतूनही माणसं यायची, वयाची अट नव्हती, फक्त उभं राहता यायला हवं.

"मावशी, चल माझ्याबरोबर. इथे हात कमी पडतात."

"बंदूक द्यायची नाही ना हातात?"

"नाही गं. घड्या घालायच्या. बांधाबांध करायची."

काकूंनी जायचं ठरवलं, पण घरच्यांना अट घालून. "मी परत येईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. तिथूनही मला बिनकामाची म्हणून परत धाडलं, तर मशीन तुमचं. काय हवं ते करा."

"आणि नाही धाडलं तर?" सूनबाईंनी विचारलं.

"तर कपडे हाताने धुवा."

बातमी गल्लीत फुटली आणि तिला पाय फुटले. संध्याकाळपर्यंत काकू परदेशी पलटणीत भरती झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्या विमानातून उडी मारायला शिकणार होत्या. कोपऱ्यावरच्या वाण्याने साखर देताना कडक सलाम ठोकला. काकूंनीही कुणाचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

कोठार म्हणजे पत्र्याचं लांबच लांब छप्पर, खाली सिमेंटची फरशी, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या आणि नव्या बुटांच्या रबराचा वास. तिथलं सगळं राज्य एका बाईचं होतं. रुंद बांधा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात शिट्टी. काकूंनी तिला बघताक्षणी हवालदारीणबाई हे नाव दिलं, आणि तिचा खरा हुद्दा काय होता ते शेवटपर्यंत विचारलं नाही. हवालदारीणबाई बोलायची ती पलीकडच्या मैदानातल्या माणसाला ऐकू जाईल अशी, मग समोरचा हातभर अंतरावर का असेना. भाची मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करायची. आणि ती अशी चाळणी होती की दोन्हीकडचं कठीण तेवढं वरच राहायचं, मऊ पीठ तेवढं खाली पडायचं. म्हणून पहिले काही दिवस दोघींना एकमेकी फार गोड स्वभावाच्या वाटल्या.

काकूंना वर्दी मिळाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विजारी शिवल्या, स्वतः कधी घातली नव्हती. पहिल्या दिवशी त्या भिंतीला धरून चालल्या. "दोन पाय वेगवेगळे झाल्यासारखं वाटतंय गं," त्या भाचीला म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत त्यांना ते आवडायला लागलं. शिट्टी व्हायच्या आधी उठून त्यांनी स्वतःच्याच नव्हे तर खोलीतल्या सगळ्यांच्या पांघरुणांच्या घड्या घातल्या. त्यातल्या एका पांघरुणात एक बाई अजून झोपलेली होती.

काम साधं होतं. कांबळी मोजायची, मलमपट्टीच्या पिशव्या भरायच्या, मोज्यांच्या जोड्या लावायच्या. मग एक दिवस कोठाराचा शिंपी स्कूटरवरून पडला आणि हात प्लास्टरमध्ये घालून आला. नेमका तेव्हाच नव्या तुकडीच्या शपथेचा समारंभ जवळ आलेला. आईबाप येणार, बँड वाजणार, आणि तुकडीचे समारंभाचे शर्ट बाह्या दुमडायचे बाकी. हवालदारीणबाईने कपाळाला हात लावला. भाचीने मावशीकडे बोट दाखवलं.

विजेचं मशीन काकूंना नवं. पहिल्यांदा पाय ठेवला आणि मशीन असं उधळलं की त्यांनी एका शर्टाची बाही थेट खिशाला नेऊन जोडली. पण तासाभरात ते मशीन त्यांच्या मुठीत आलं. दिवसभर टाकटाक आवाज चालू राहिला आणि काकू गुणगुणायला लागल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना जेवणाची वेळ झाल्याचं दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं.

प्रत्येक बाहीवर शिंप्याने खडूची रेघ मारून ठेवली होती. इथून दुमडा. काकूंनी रेघ पाहिली. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानात ती तुकडी धावत होती. माना बारीक, कान बाहेर आलेले, पळता पळता एकमेकांना टपल्या मारणारे, आणि मागून एक सफरचंद खात धावणारा.

"ही तर शाळेतली पोरं आहेत!"

"अठरा-एकोणीसची आहेत, मावशी. इथे सगळ्यांना सैन्यात यावंच लागतं."

"म्हणजे वाढायची आहेत अजून."

यानंतर काकूंनी काही विचार केला असं म्हणणं खोटं होईल. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बोटं आपोआप रेघेखाली गेली आणि प्रत्येक बाही दोन बोटं लांब शिवली गेली. शिवाय उरलेलं कापड न कापता आत जाड घडी करून ठेवलं, पुढेमागे आणखी सोडायला.

हवालदारीणबाईने शर्ट तपासले. शिवण ओढून पाहिली, उजेडासमोर धरून पाहिली, टाके बघून तिच्या भुवया वर गेल्या. लांबी तपासायचं तिच्या डोक्यात आलंच नाही, कारण रेघ शिंप्याने मारली होती आणि रेघेवर शिवायचं असतं हे तिच्या देशात लहान मूलही जाणतं. तिने काकूंची पाठ थोपटली. काकू खोकल्या, पण आनंदाने. त्यांनी लगेच घरी फोन लावला.

"पाठ थोपटली माझी. सूनबाईला सांग."

सूनबाई शेजारीच होत्या. "छान झालं, आई," त्या म्हणाल्या, आणि आवाज जरासा बारीक आला.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम होती. काकू आणि भाची भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. बँड वाजला, तुकडी आली, रांगा लागल्या. मोठे साहेब चौथऱ्यावर चढले. हुकूम झाला आणि अख्ख्या तुकडीने एका झटक्यात सलाम ठोकला.

हात एकाचाही दिसला नाही. नुसत्या बाह्या वर गेल्या आणि त्यांची टोकं कपाळापाशी लोंबत राहिली. एकाची तर डोळ्यावर आली, त्याला समोरचे साहेब दिसेनासे झाले. हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं, इथे न दाखवताच झालं.

"बघ, काय सुंदर पडल्यात बाह्या," काकू समाधानाने म्हणाल्या. भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं पाहिलं तेव्हा त्यांना शंका आली.

मोठे साहेब खाली उतरले. एका पोराची बाही त्यांनी चिमटीत धरली आणि आत डोकावून पाहिलं. आत हात आहे याची खात्री करून घेतली. मग ते हवालदारीणबाईकडे वळले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण तिचा चेहरा मानेपासून वर वर लाल होत गेलेला सगळ्यांनी पाहिला.

कोठारात आल्यावर ती जी सुटली, ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. हात वर काय, खाली काय, किल्ल्या खणखणतायत, प्लास्टरवाला शिंपी मांडणीच्या मागे लपलेला. बऱ्याच वेळाने ती थांबली.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"बाह्या थोड्या लांब झाल्यात म्हणते," भाची म्हणाली.

"एवढंच?"

"साधारण एवढंच."

तेवढ्यात हवालदारीणबाईने हात पुढे केला आणि कात्री मागितली. मग सुई. मग खडूसुद्धा. आणि काकूंना कोपऱ्यातल्या बाकावर मोज्यांच्या ढिगाशी नेऊन बसवलं. आता भाचीचा इलाज चालेना. "मावशी," ती हळूच म्हणाली, "उद्या सामानाची गाडी शहरात जाते. त्यातून तुला घरी पाठवायचं म्हणते."

काकूंच्या डोळ्यांसमोर खिडकीशेजारची जागा आली, आणि तिथे गरगर फिरणारं पांढरं यंत्र. पण त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. इथे आल्यापासून त्यांना पुन्हा सकाळी उठावंसं वाटत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं होतं, नेमक्या दोन बोटांनी. त्यांना रडू कोसळलं. रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी हातातल्या मोज्याला नाक पुसलं. मग तो मोजा परक्या सरकारचा आहे हे आठवून आणखीच रडू आलं.

इकडे हवालदारीणबाई फोनवर फोन करत होती. शहरातला शिंपी म्हणे दोन दिवस लागतील. दुसरा म्हणे चार. समारंभ उद्या दुपारी. काकूंनी थोडा वेळ ऐकलं, मग मोजा खाली ठेवून उठल्या.

"तिला सांग, मी कापड कापलेलं नाही. सगळं आतच आहे. बाही वर सारून हाताने एक धावदोरा घातला की झालं. उसवायचीही गरज नाही."

"अगं, पण एवढ्या बाह्यांना धावदोरा घालणार कोण?"

"ज्याची बाही त्याने. सुया आहेत ना?"

भाचीने सांगितलं. हवालदारीणबाईने काकूंकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि शिट्टी फुंकली.

तशी दुपार त्या कोठाराने कधी पाहिली नव्हती. अख्खी तुकडी बनियनवर, फरशीवर मांडी घालून, मांडीत शर्ट आणि हातात सुई. आणि मधून काकू फिरतायत, मागे हात बांधून. आता भाची काहीही चाळत नव्हती, काकूंचं जसंच्या तसं पोहोचवत होती.

"टाका लहान! एवढ्या टाक्यातून म्हैस जाईल."

"दोरा दाताने तोडू नकोस, दात गेल्यावर काय करशील?"

एकाला सुई टोचली आणि तो किंचाळला. काकू त्याच्याजवळ थांबल्या. "सुईला एवढा भितोस, मग बंदूक कशी रे उचलतोस?" पोरं खदाखदा हसली. सगळ्यांत धिप्पाड पोराने मान मोडून, जीभ बाहेर काढून फार बारीक शिवण घातली आणि अभिमानाने उठायला गेला, तेव्हा कळलं की त्याने शर्ट स्वतःच्या विजारीला शिवलाय. त्याला उसवायला दोघं लागले. हवालदारीणबाईसुद्धा एक शर्ट घेऊन खाली बसली. बसायला सोपं गेलं नाही, पण बसली.

संध्याकाळच्या आत काम उरकलं. मग हवालदारीणबाई उठली आणि कात्री घेऊन रांगेच्या टोकाला गेली. आतली जाड घडी तिला खुपत होती. कापून टाकलं की बाही सपाट होईल. तिने पहिली बाही उलटी केली, कात्री लावली, आणि काकूंनी तिचं मनगट धरलं.

त्या कोठारात तिचं मनगट धरायची कुणाची छाती झाली नव्हती. पोरं सुया गोळा करता करता थांबली.

"कापू नकोस," काकू म्हणाल्या. "कापलेलं परत येत नाही."

"मापं घेतलेली आहेत," ती म्हणाली. "हीच त्यांची मापं."

"ही आजची झाली."

हवालदारीणबाई यावेळी मोठ्याने बोलली नाही. जे म्हणाली ते भाचीने तेवढ्याच हळू सांगितलं. "पुढच्या महिन्यात ही तुकडी सरहद्दीवर जाणार आहे, मावशी."

इतके दिवस काकूंना हे सगळं मोठ्या पोरांची शाळा वाटत होतं. शिट्टी, रांगा, डबे. सरहद्द हा शब्द त्यात कुठे नव्हता. त्यांनी समोरच्या त्या बारीक मानांकडे पाहिलं. मग दुकानाच्या फळीवरून गिऱ्हाईकाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "बरं. मग परत येतील तेव्हा वाढलेली असतील ना? तेव्हा बाही सोडायला कापड नको?"

भाचीने त्यातला एक शब्दही गाळला नाही, एक शब्दही घातला नाही. हवालदारीणबाईने कात्री खिशात टाकली आणि वळून एका पोरावर उगाचच ओरडली, ज्याने काहीही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. सलाम झाला आणि सगळ्यांचे हात दिसले, बोटांसकट. नंतर आईबाप मैदानात शिरले. एक आई आपल्या मुलाची कॉलर सारखी करत होती, बाही सारखी करत होती, आणि तिच्या बोटांना आतली जाड घडी लागली. तिने ती उलटून पाहिली. मुलाला काहीतरी विचारलं. त्याने भिंतीशी उभ्या असलेल्या काकूंकडे बोट केलं. ती बाई सरळ काकूंपाशी आली, त्यांचे हात हातात घेतले आणि तिच्या भाषेत पुष्कळ बोलली. भाची तेव्हा चहा आणायला गेली होती. काकूंना वाटलं ती दोऱ्याबद्दल विचारतेय, म्हणून त्यांनीही तो दोरा धुण्यात कसा टिकतो ते सविस्तर सांगितलं. बोलून झाल्यावर दोघींनी डोळे पुसले. त्या बाईचं समजण्यासारखं होतं. काकूंना मात्र दोऱ्यावरून रडू का यावं ते कळलं नाही, आणि थोड्या वेळाने कळलं.

सामानाची गाडी गेली. काकूंना कुणी बसायला सांगितलं नाही. त्या आपली पिशवी घेऊन कोठाराच्या दारात उभ्याच होत्या, तोवर हवालदारीणबाई आली. तिने स्वतःचा समारंभाचा कोट काढून त्यांच्यासमोर धरला. पोटावरचं बटण तुटायच्या बेतात आलं होतं. तिने कमरेकडे बोट दाखवलं, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि काकूंसमोर दोन बोटं धरली.

काकूंनी तिच्या घेराकडे एक नजर टाकली. "दोनाने काय होतंय," त्या म्हणाल्या आणि चार सोडली.

मुदत संपून निघताना हवालदारीणबाईने निरोप असा दिला, "घडी जिने घातली, ती सोडायलाही तिनेच यायचं. पुढच्या वर्षी." ती हे एवढ्या मोठ्याने म्हणाली की चाळणीची गरजच पडली नाही.

काकू घरी आल्या. मशीन होतं तिथेच होतं, वर धूळही नव्हती. सूनबाईंनी पुसलं होतं. हरल्याचं त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही, मुकाट्याने धुण्याची बादली उचलली. काकूंनी त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. "न्हाणीच्या दारामागची जागा मी मोजलीय," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र बसतं तिथे. वर दोन बोटं उरतात."

यंत्र आलं, बसलं. मशीनही खिडकीशी चालू आहे. गल्लीतली पोरं पुन्हा लांब बाह्या मिरवू लागली आहेत. रोज सकाळी मशीनला तेल देताना काकू काहीतरी पुटपुटतात. सूनबाईंनी एकदा कान देऊन ऐकलं आणि त्या चमकल्या.

"अहो आई, हे काय मागणं? 'सगळ्यांच्या बाह्या आखूड पडू देत' म्हणे!"

"मग?" काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी त्या तुकडीतल्या एकाही पोराला तो शर्ट बसता कामा नये. दुसरं काय मागू?"